शेवटची मोठी खरेदी तुम्ही नेमकी कशी ठरवलीत? (मार्केटिंगवालीचा प्रश्न, खरी उत्तरं हवीत)

टाचणी | मंगळवार, रात्री ९:१०

मी प्रवासी बॅगा बनवणाऱ्या एका कंपनीत मार्केटिंग बघते. कंपनीचं नाव सांगणार नाही, विचारू नका.

पुढच्या सोमवारी मोठ्या साहेबांपुढे सादरीकरण आहे. विषय: 'ग्राहकाचं बदलतं वागणं आणि आपलं धोरण'. गेल्या सहा वर्षांत हा विषय माझ्या गळ्यात चौथ्यांदा पडलाय. दर वेळी पहिली स्लाइड 'ग्राहक बदलला आहे' आणि शेवटची 'डिजिटलचं बजेट वाढवावं'. मधल्या स्लाइडा कुणी वाचत नाही, त्यामुळे त्यांत काय होतं ते आता मलाही आठवत नाही.

यंदा मात्र अडकलेय. माझ्यासमोर दोन कागद आहेत आणि दोघांचं एकमेकांशी पटत नाही.

पहिला कागद डॅशबोर्डचा, म्हणजे साइटवर कोण कुठून आलं ते मोजणाऱ्या आकड्यांच्या तक्त्याचा. तो म्हणतो, आमच्या साइटवरच्या बहुतेक बॅगा सर्चमधल्या जाहिरातीवर क्लिक करून आलेल्या लोकांनी घेतल्या. म्हणजे जाहिरात जोरात चाललीय.

दुसरा कागद मी हाताने बनवलाय. प्रत्येक बॅगेच्या आतल्या कप्प्यात आम्ही एक छोटं कार्ड घालतो, 'आमच्याबद्दल कुठून कळलं?' आणि पुढे नुसती रिकामी रेघ. फार थोडे लोक ते भरून पाठवतात, पण जे पाठवतात ते काय लिहितात पाहा: 'मैत्रिणीकडे आहे.' 'भावाची अजून फाटली नाही.' 'विमानतळावर सामानाच्या पट्ट्यावर बघितली.' एकाने नुसतं लिहिलंय, 'माहीत नाही, बऱ्याच जणांकडे दिसते.' जाहिरात पाहून आलो असं लिहिणारा क्वचितच.

तर तुमची शेवटची मोठी खरेदी आठवा. पहिल्यांदा मनात कधी आलं, काय काय बघितलं, कुणाला विचारलं आणि शेवटी बटण कुठे दाबलं? शोभेल असं नको, झालं तसं लिहा.

भोवरा | मंगळवार, रात्री ९:१४

मी पयला! खुर्ची घेतली. पाठ दुखत होती म्हणून. सविस्तर नंतर लिहितो.

सूर्यफूल | मंगळवार, रात्री १०:०२

व्हॅक्यूम क्लीनर. एकूण साडेतीन आठवडे लागले, त्यात नवऱ्याशी दोनदा भांडण.

जुना एका शनिवारी जळका वास सोडून गेला. त्याच रात्री अंथरुणात पडल्या पडल्या व्हिडिओ बघायला सुरुवात केली. अकरा बघितले. पाचव्या व्हिडिओनंतर लक्षात आलं की सगळे जण तोच एक शब्द वापरतायत, 'गेमचेंजर'. तेव्हापासून विश्वास उडाला. मग प्रतिक्रिया वाचल्या. पाच तारेवाल्या मी वाचतच नाही. एक तारेवालेही नाही, त्यातले निम्मे डिलिव्हरी उशिरा आली म्हणून चिडलेले असतात. तीन तारेवाले खरे. 'चांगला आहे पण नळी आखूड' असं लिहिणाऱ्या माणसावर मी डोळे मिटून विश्वास ठेवते.

हे सगळं करून मी दोन मॉडेलांवर आले आणि तिथेच दहा दिवस बसले. शेवटी नणंदेला फोन केला, खरं तर दुसऱ्याच कामासाठी. ती म्हणाली, "मी घेतलाय, आवाज करतो पण ओढतो." झालं. त्या एका वाक्यावर निर्णय.

आता गंमत ऐका. फोन ठेवला, मॉडेलचं नाव टाइप केलं आणि सगळ्यात वर जी लिंक आली ती दाबली. ती जाहिरात होती, हे आत्ता तुमचा धागा वाचल्यावर कळलं. म्हणजे टाचणीताई, तुमच्यासारख्याच कुणाच्या तरी पहिल्या कागदावर मी 'जाहिरातीमुळे आलेली' म्हणून बसलेली असणार, आणि नणंदेचं नाव कुठेच नसणार!

हिशेबनीस | मंगळवार, रात्री १०:३१

सूर्यफूल यांनी नकळत एका गाजलेल्या प्रयोगाची गोष्ट सांगितली आहे.

ईबे ही ऑनलाइन खरेदी-विक्रीची कंपनी स्वतःच्याच नावावर सर्च जाहिराती देत असे. म्हणजे तुम्ही 'ईबे' असं टाइप केलंत की वर ईबेची जाहिरात आणि तिच्याखाली ईबेचीच फुकटची लिंक. २०१२ मध्ये तिथल्या अर्थशास्त्रज्ञांनी काही ठिकाणी या जाहिराती बंद करून पाहिल्या. जाहिरातीवरून येणाऱ्या क्लिकपैकी ९९.५ टक्के क्लिक खालच्या फुकटच्या लिंकवरून आले. लोक ईबेवर यायला निघालेच होते, दार कुठलं उघडं आहे एवढाच प्रश्न होता. ब्लेक, नॉस्को आणि टाडेलिस यांचा हा शोधनिबंध २०१५ मध्ये छापून आला. इतर शब्दांवरच्या जाहिरातींचाही नेहमीच्या गिऱ्हाइकांवर जवळपास काहीच परिणाम दिसला नाही.

तेव्हा टाचणी, तुमचे दोन कागद भांडत नाहीयेत. पहिल्यावर ग्राहक शेवटी कुठल्या दारातून आत आला ते आहे, दुसऱ्यावर तो घरातून का निघाला ते.

तिरकस | मंगळवार, रात्री १०:३८

कोंबडं झाकलं तरी उजाडतंच, हे ईबेने पैसे खर्च करून सिद्ध केलं म्हणायचं.

टाचणी | मंगळवार, रात्री १०:४०

तिरकस, हहपुवा (हसून हसून पुरेवाट). पहिली स्लाइड मिळाली.

जुनाखेळाडू | मंगळवार, रात्री ११:१५

थोडं थांबा मंडळी. मी स्वतः टेबलावरचे दिवे बनवून ऑनलाइन विकतो. दोन माणसांचा धंदा, एक मी आणि एक भाऊ. हिशेबनीस म्हणतात तसाच लेख मीही वाचला होता आणि मोठ्या शहाणपणाने स्वतःच्या नावावरची जाहिरात बंद केली. चौथ्या दिवशी भाऊ म्हणाला, ऑर्डरी का आटल्या? आमचं नाव टाकून बघितलं तर सगळ्यात वर दुसऱ्याच दिवेवाल्याची जाहिरात. त्याने आमचं नाव विकत घेतलं होतं! आम्ही जागा सोडली आणि तो पथारी टाकून बसला.

ईबे काय, सगळ्या जगाला माहीत. त्याला शोधणारा ईबेवरच जाणार. माझं नाव अर्धवट आठवणारा माणूस वरची पहिली लिंक दाबतो आणि दिवा घेऊन मोकळा होतो. माझ्याकडूनच घेतला असं बहुतेक त्याला वाटतही असेल. छोट्याने मोठ्याचं बघून उपास धरू नये.

हिशेबनीस | मंगळवार, रात्री ११:२९

मान्य. त्याच निबंधात हेही आहे की जे लोक ईबेवर नवे होते किंवा क्वचित येत, त्यांच्यावर जाहिरातीचा परिणाम दिसला. ओळख नसलेल्याला जाहिरातीने कळतं, ओळख असलेल्याला ती नुसती आडवी येते.

आणखी दोन उदाहरणं, दोन्ही थोरामोठ्यांचीच. साबण-पावडरवाल्या प्रॉक्टर अँड गॅम्बलने २०१७ मध्ये एका तिमाहीत डिजिटल जाहिरातींतले १० कोटी डॉलरहून जास्त कापले, विक्रीवर ओरखडा दिसला नाही. प्रवाशांना राहायला घरं मिळवून देणाऱ्या एअरबीएनबीने २०२० मध्ये मार्केटिंगचा खर्च जवळपास बंद केला आणि २०२१ च्या सुरुवातीला सांगितलं की साइटवरची वर्दळ २०१९ च्या ९५ टक्क्यांवर परत आलीय. अर्थात ती महामारीची वर्षं, त्यामुळे हे दुसरं उदाहरण फार ताणू नये.

कावळोबा | बुधवार, सकाळी ७:५०

हे सगळं ठीक आहे, पण फोन आपलं बोलणं ऐकतो त्याचं काय? परवा बायकोशी गादी बदलू या असं बोललो. नुसतं बोललो, कुठेही टाइप केलं नाही. दहा मिनिटांत गादीची जाहिरात! हे काय बदलतं वागणं का? हे तर दाराला कान लावणं झालं.

गणितवेडा | बुधवार, सकाळी ८:२०

@कावळोबा, २०१८ मध्ये अमेरिकेतल्या नॉर्थईस्टर्न विद्यापीठातल्या लोकांनी सतरा हजारांहून जास्त अँड्रॉइड ॲप तपासली. चोरून आवाज बाहेर पाठवणारं एकही सापडलं नाही. काही ॲप स्क्रीनवर काय चाललंय त्याचं चित्रण बाहेर पाठवताना मात्र सापडली, त्याची कुणी चर्चा करत नाही.

ऐकायची गरजच नसते हो. एकाच घरातले, एकाच वायफायवरचे दोन फोन, एकाने गाद्या शोधल्या की दुसऱ्याला दाखवायच्या, एवढं पुरतं. वहिनींना एकदा विचारून बघा.

कावळोबा | बुधवार, सकाळी ८:४१

विचारलं. ती आठवडाभर गाद्याच बघत होती. माझ्याशी बोलली ते सगळ्यात शेवटी. म्हणजे जाहिरातवाल्यांना माझ्याआधी कळलं.

तिरकस | बुधवार, सकाळी ८:४३

यात तंत्रज्ञानाचा दोष नाही.

मोहरी_जिरे | बुधवार, सकाळी १०:०५

वाचतेय. वाखुसाआ (वाचनखूण साठवली आहे).

अवांतर: त्या अमेरिकी दुकानाच्या साखळीची गोष्ट खरी का? मुलगी गरोदर आहे हे बापाच्या आधी टार्गेटला कळलं, घरी बाळाच्या वस्तूंची कूपनं आली, बाप भांडायला गेला आणि मग माफी मागून परतला, वगैरे? आमच्या व्यवस्थापनाच्या वर्गात सरांनी हीच सांगितली होती.

गणितवेडा | बुधवार, सकाळी १०:४०

अर्धी. खरेदीच्या नोंदींवरून गरोदरपणाचा अंदाज बांधायचं गणित टार्गेटने केलं होतं, त्यावर काम करणारा संख्याशास्त्रज्ञ स्वतः त्याबद्दल बोललाय. भांडायला गेलेल्या बापाचा किस्सा मात्र २०१२ मधल्या एका लेखातून पसरला आणि गणितानेच त्या मुलीला पकडलं याला पुरावा कुणीच दिलेला नाही. भरपूर घरांत बाळाची कूपनं टाकली की एखाद्या घरी बाळ यायचंच. पण किस्सा इतका चपखल की प्रत्येक मार्केटिंगवाला तो सांगतो. त्यात त्यांचं गणित ग्रेट दिसतं ना!

आणि हे सगळं पाळत ठेवणं आता तेवढं सोपं राहिलं नाही. ॲपलने एप्रिल २०२१ मध्ये आयफोनवर 'या ॲपला तुमचा माग काढू द्यायचा का?' असा सरळ प्रश्न विचारायला सुरुवात केली. ढिगाने लोकांनी नाही म्हटलं. फेसबुकवाल्या मेटाने २०२२ साठी स्वतःच अंदाज दिला होता की यामुळे वर्षाला १० अब्ज डॉलरच्या आसपास फटका बसेल. म्हणजे वागणं बदललं असं म्हणताना हे लक्षात घ्या की लोकांना पाळत तेव्हाही नकोच होती, विचारलं कुणी नव्हतं.

शिळोपा | बुधवार, दुपारी १२:३०

गणितवेड्याच्या शेवटच्या वाक्यासाठी लॉगिन केलं.

मी एकतीस वर्षं जाहिरातींच्या फिल्म लिहिल्या, आता निवृत्त. 'ग्राहक बदलला' हे वाक्य मी नोकरीच्या पहिल्या आठवड्यात ऐकलं आणि निरोप समारंभाच्या भाषणातही ऐकलं. माझं मत असं की ग्राहक बदलत नाही, त्याच्या हातातली वस्तू बदलते.

टीव्हीचा पहिला बिनतारी रिमोट १९५५ सालचा, झेनिथ कंपनीचा फ्लॅशमॅटिक. दिसायला खेळण्यातल्या पिस्तुलासारखा, प्रत्यक्षात टॉर्च. टीव्हीच्या कोपऱ्यावर झोत मारायचा. आणि त्याची विक्री कशावर केली माहितेय? लांबलचक जाहिरातींचा आवाज बसल्या जागेवरून बंद करा, यावर! म्हणजे टीव्ही घरात नवा होता तेव्हाच लोक जाहिरातींना कंटाळले होते आणि जाहिरात बंद करण्याच्या यंत्राची जाहिरात चालू होती.

मग २०१० च्या शेवटी यूट्यूबवर पाच सेकंदांनी जाहिरात वगळायचं बटण आलं. आमच्या खोलीत तो दिवस मला आठवतो. तोवर फिल्म कशी लिहायची? आधी गोष्ट, मग वळण, शेवटच्या तीन सेकंदांत वस्तू. अठ्ठाविसाव्या सेकंदाला बाटली दिसली की आम्ही खूश. आता पाचव्या सेकंदाला माणसाचा अंगठा बटणावर. आमच्या एका दिग्दर्शकाने अख्खी फिल्म उलटी लावून बघितली, शेवट आधी. गंमत म्हणून लावली होती, पण तीच क्लायंटला आवडली.

वगळलेल्या जाहिरातीचे पैसे क्लायंटला द्यावे लागत नसत. तीस सेकंद बघितली किंवा छोटी असेल तर पूर्ण बघितली, तरच बिल. आमच्यातल्या एका हुशार पोराने लगेच हिशेब मांडला की मग पहिल्या पाच सेकंदांत नाव ठणकावून सांगायचं आणि पुढे मुद्दाम कंटाळवाणं करायचं, लोक वगळतील आणि आपलं काम फुकटात होईल. ते पोरगं आज कुठल्या तरी मोठ्या पदावर आहे.

मोहरी_जिरे | बुधवार, दुपारी १२:५१

शिळोपाकाका, शेवटच्या परिच्छेदावर स्वतंत्र धागा काढा. हघ्याहेवेसांनल (हलके घ्या हे वेगळे सांगणे न लगे).

आडवाटकरी | बुधवार, दुपारी २:१५

शिळोपांशी असहमत. वस्तू हातात आली की माणूसही बदलतोच. माझंच बघा. पूर्वी काही घ्यायचं तर मी शोधायचो, वाचायचो, तक्ता करायचो. या वेळी वॉशिंग मशीन घ्यायचं होतं, तर सरळ चॅटबॉटला सांगितलं: चार माणसं, जागा एवढी, पाणी जड, तीन पर्याय दे. त्याने अर्ध्या मिनिटात तीन दिले, कारणांसह. इतकी सुंदर कारणं की मी पहिला पर्याय घ्यायचं ठरवूनच टाकलं. मग कळलं की ते मॉडेल बनवणं बंद झालंय! दुसरा पर्याय घेतला. बरा आहे.

मुद्दा असा की त्या सगळ्या प्रवासात मी एकही जाहिरात बघितली नाही आणि एकाही कंपनीच्या साइटवर गेलो नाही. मे २०२४ पासून गूगलही शोधाच्या वरच उत्तर तयार करून द्यायला लागलंय. खालच्या लिंका कोण उघडतो? हे नवं आहे. रिमोटशी याची तुलना होणार नाही.

टाचणी | बुधवार, दुपारी २:४०

आडवाटकरी, आमचे साहेब हल्ली दर सोमवारी विचारतात, "चॅटबॉट आपलं नाव घेतो का?" म्हणून आम्ही चौघं जण चार फोनवर 'चांगली टिकाऊ बॅग सांग' असं विचारत बसतो. चौघांना चार उत्तरं येतात. ज्याच्या फोनवर आपलं नाव येतं तो फोन साहेबांना दाखवतो.

सूर्यफूल | बुधवार, दुपारी ३:१०

हाहाहा, टाचणी!

एक कबुली देऊ का? मी ऑनलाइन टोपलीत वस्तू टाकते आणि मुद्दाम तशीच सोडून देते. दुसऱ्या दिवशी मेल येते, 'तुम्ही काहीतरी विसरलात'. तेव्हाही घ्यायचं नाही. तिसऱ्या दिवशी येते, 'खास तुमच्यासाठी दहा टक्के सूट'. मग घ्यायचं. गेल्या दोन वर्षांत पूर्ण किमतीला मी फार कमी गोष्टी घेतल्या असतील. एका साइटने तर सूट दिलीच नाही, तर मला इतका राग आला की जणू त्यांनी माझं देणं बुडवलं.

टाचणी | बुधवार, दुपारी ३:२५

सूर्यफूल, आम्हाला माहीत असतं. आमच्या डेटात असे लोक स्वच्छ दिसतात: टोपली, शांतता, तिसऱ्या दिवशी कूपन, खरेदी. आम्ही त्यांना आपसात 'तिसऱ्या दिवसाचे पाहुणे' म्हणतो. ती मेल सुरू झाली तेव्हा ते मूठभर होते, आता खूप झालेत. आणि सादरीकरणात आम्ही काय लिहितो? 'ग्राहक सूट मिळाल्याशिवाय खरेदी करत नाही, ही बदलती प्रवृत्ती आहे.' प्रवृत्ती कसली, सवय आम्हीच लावली!

हे लिहिताना आत्ता लख्ख दिसतंय की विषयाचं शीर्षकच उलटं आहे. ग्राहकाचं वागणं बदललं म्हणून धोरण बदललं, हे निम्म्या वेळा खरं. उरलेल्या निम्म्या वेळा आमच्या धोरणाने वागणं बदललं आणि मग आम्ही त्याचा अभ्यास केला.

हिशेबनीस | बुधवार, संध्याकाळी ५:०५

आणि लावलेली सवय काढता येत नाही, याचं उदाहरण जेसी पेनी. अमेरिकेतली जुनी मोठी दुकानांची साखळी. २०१२ मध्ये नव्या मुख्याधिकाऱ्याने ठरवलं की आधी किंमत फुगवायची आणि मग कूपन देऊन उतरवायची हा खेळ बंद, रोज एकच सरळ कमी किंमत. कुठल्याही सर्वेक्षणात लोक हेच तर मागतात! वर्षभरात विक्री सुमारे २५ टक्क्यांनी घसरली. एप्रिल २०१३ मध्ये ते गेले आणि कूपनं परत आली. पैसे तेवढेच जात असले तरी 'मी वाचवले' हा आनंद लोकांना हवा होता.

तिरकस | बुधवार, संध्याकाळी ५:२०

एवढंही सरळ नाही ते. त्याच वर्षी त्यांनी दुकानाची मांडणी बदलली, जुने ब्रँड काढले आणि हे सगळं कुठे लहान प्रमाणात करून न बघता एकदम सगळीकडे लावलं. कूपन गेल्यामुळे किती गिऱ्हाईक गेलं आणि ओळखीचं दुकान अनोळखी झाल्यामुळे किती गेलं, कोण वेगळं काढणार? तुम्ही आकडेवाले लोक एका कारणावर फार लवकर खूश होता.

हिशेबनीस | बुधवार, संध्याकाळी ५:३१

बरोबर आहे. शब्द मागे घेत नाही पण आवाज कमी करतो.

कुहू | बुधवार, रात्री ८:००

मला वाटतं आजची पिढी एका ब्रँडला धरून राहत नाही, हा मोठा बदल आहे. आमच्या आईवडिलांनी आयुष्यभर एकच साबण वापरला. मी दर वेळी नवा बघते.

गणितवेडा | बुधवार, रात्री ८:३५

@कुहू, आईवडिलांनी आयुष्यभर एकच वापरला असं त्यांना आठवतं. अँड्र्यू एहरेनबर्ग नावाच्या संशोधकाने कित्येक दशकांपूर्वीच घराघरांतल्या खरेदीच्या नोंदी तपासून दाखवलं की बहुतेक लोक दोनचार ब्रँडांत आलटून पालटून फिरतात. एकालाच चिकटलेले थोडे, आणि तेही बहुधा मुळात कमी खरेदी करणारे. निष्ठा तेव्हाही अशीच होती. आता ती मोजता येते आणि मन दुखतं.

कुहू | बुधवार, रात्री ८:५०

आईला फोन करून विचारलं. म्हणाली, "जो असेल तो आणायचो. तुझे बाबा डोळे मिटून अंघोळ करतात, त्यांना काय कळतंय?" शब्द मागे.

मोहरी_जिरे | बुधवार, रात्री ९:१५

प्रतिक्रियांबद्दल एक राहिलंच. मी मागवलेल्या एका इअरफोनच्या खोक्यात एक सोनेरी कार्ड निघालं: 'पाच तारे द्या, फोटो पाठवा, भेट मिळवा.' मी दोन तारे दिले आणि त्या कार्डाचाच फोटो लावला. माझी प्रतिक्रिया गायब! तेव्हापासून सूर्यफूल यांच्यासारखीच मी तीन तारेवाली झालेय. अमेरिकेच्या व्यापार आयोगाने २०२४ मध्ये खोट्या आणि विकत घेतलेल्या प्रतिक्रियांवर बंदीचा नियम केलाय म्हणे. कार्ड छापणाऱ्याला तो कुणी वाचून दाखवला पाहिजे.

भोवरा | बुधवार, रात्री ११:४५

आलो. तर खुर्ची.

पाठ दुखायला लागली तेव्हा मी आधी काहीच केलं नाही, हा माझा खरेदीचा पहिला टप्पा. तो वर्षभर चालला. मग ऑफिसात शेजारचा सहकारी रजेवर गेला आणि मी सहज त्याच्या खुर्चीत बसलो. दोन तासांनी उठलो तेव्हा पाठ दुखली नाही. त्याची रजा संपेपर्यंत तिथेच बसलो. तो आल्यावर विचारलं कुठली आहे, तर त्यालाही माहीत नव्हतं. खुर्ची उलटी केली. आम्ही दोघं जमिनीवर झोपून खालचं लेबल वाचत होतो तेव्हा साहेब आले, ती वेगळी गोष्ट.

नाव मिळालं. नवीची किंमत बघून पुन्हा दोन महिने पाठ दुखवून घेतली. मग एक ऑफिस बंद होत होतं, तिथे तीच खुर्ची जुनी मिळाली. ओळखीतून. रोख दिले आणि डोक्यावर घेऊन आलो.

टाचणीताई, मी क्लिक केलं नाही, जाहिरात बघितली नाही, कूपन नाही, प्रतिक्रिया नाही, आणि त्या कंपनीला मी कधी गिऱ्हाईक झालो हेही माहीत नाही. पण माझ्यामुळे ऑफिसातल्या तिघांनी तीच खुर्ची नवी घेतली. मी कुठल्या कागदावर?

टाचणी | गुरुवार, सकाळी ७:२०

भोवरा, तुमचा प्रतिसाद रात्री वाचला आणि उठून बसले. तुम्हाला खुर्ची उलटी करावी लागली!

आमच्या बॅगेवर नाव कुठे आहे? समोरच्या बाजूला वर, हँडलच्या खाली. दुकानात उभी ठेवली की छान दिसतं. पण विमानतळाच्या पट्ट्यावर बॅग आडवी पडलेली असते, बहुतेकदा समोरची बाजू खाली. म्हणजे 'पट्ट्यावर बघितली' असं कार्डावर लिहिणाऱ्यांना आमचं नाव दिसलंच नसणार. त्यांनी बॅग बघितली, मग कुणाला तरी विचारलं किंवा वर्णन टाइप करून शोधलं. आणि जे शोधून थकले ते कार्डावर कधी आलेच नाहीत.

काल रात्री घरातल्या तीन बॅगा जमिनीवर आडव्या टाकून बघितल्या. एकीचंही नाव दिसत नाही. नवऱ्याने विचारलं, कुठे निघालीस?

तर सोमवारी दोनच गोष्टी मागणार आहे. एक, काही भागांत महिनाभर आमच्या स्वतःच्या नावावरची सर्च जाहिरात बंद करून बघायची, उरलेल्या भागांत चालू ठेवायची आणि विक्रीची तुलना करायची. जुनाखेळाडूंनी सांगितलं ते लक्षात ठेवून, त्या भागांत आमचं नाव दुसरं कुणी विकत घेतंय का ते रोज बघायचं. दुसरी, नाव बॅगेच्या कडेला आणि तळाला आणायचं.

तिरकस | गुरुवार, सकाळी ९:००

तळाला नाव म्हणजे माझी बॅग तुमचा फिरता फलक. मला भाडं किती देणार?

गणितवेडा | गुरुवार, सकाळी ९:१२

तिरकसचा विनोद बाजूला ठेवला तरी मुद्दा खरा आहे. मोठं नाव मिरवायचं नाही म्हणून बॅग न घेणारेही असतात, मी त्यातलाच. नाव मोठं करण्यापेक्षा लांबून ओळखू येईल असं काहीतरी द्या. एखाद्या वेगळ्या रंगाची चेन, कडेला एक पट्टा. आणि नाव बारीक, पण आडव्या बॅगेवर वाचता येईल अशा जागी.

शिळोपा | गुरुवार, सकाळी १०:३०

गणितवेड्याला आमच्या काळात लगेच नोकरी दिली असती. टाचणी, पट्टा करा. आणि साहेबांना स्लाइड दाखवू नका, खरी बॅग टेबलावर आडवी टाका.

टाचणी | सोमवार, रात्री ८:५५

झालं सादरीकरण. काकांचं ऐकून बॅग टेबलावर आडवी टाकली. साहेब दोन मिनिटं तिच्याभोवती फिरले आणि म्हणाले, "हे इतकी वर्षं कुणी बघितलं नाही?" पट्ट्याचे नमुने करायला सांगितलेत.

जाहिराती बंद करून बघायचं म्हटल्यावर मात्र खोली गार. डॅशबोर्डवाल्या मुलाचा चेहरा पडला, त्याचा बोनस त्याच कागदावर आहे. साहेब म्हणाले, "तिमाही संपू दे, मग बघू." शेवटी दोन छोट्या भागांत पंधरा दिवसांसाठी परवानगी मिळाली. पंधरा दिवसांत काही सिद्ध होणार नाही हे मलाही माहीत आहे, पण निदान बंद करायचं बटण कुठे आहे ते तरी सगळ्यांना कळेल.

सगळ्यांचे आभार. सूर्यफूल, तुमच्या नणंदेला विशेष.

जुनाखेळाडू | सोमवार, रात्री ९:२०

पंधरा दिवसांनी याच धाग्यावर आकडे लिहा. चांगले आले तरी आणि वाईट आले तरी.

कावळोबा | सोमवार, रात्री ९:४०

हा धागा वाचायला लागल्यापासून मला सारख्या बॅगांच्या जाहिराती येतायत.

टाचणी | सोमवार, रात्री ९:४२

आमच्या की दुसऱ्यांच्या, तेवढं सांगा!

कावळोबा | सोमवार, रात्री ९:४४

तुमची कंपनी कुठली ते तुम्ही सांगितलंच नाहीये.

तिरकस | सोमवार, रात्री ९:४५

बॅग उलटी करून बघा.